अक्काची उलटी संथा

फोनच्या पडद्यावर 'अक्का' हे नाव दिसलं आणि पलीकडचं काही ऐकून न घेता मी म्हणालो, "नाही देणार." समोर एक गिऱ्हाईक जुन्या फोनचा भाव पाडून मागत होतं, माझं डोकं आधीच तापलेलं होतं. त्या आठवड्यात अक्काचा फोन रोज येत होता आणि रोज माझं उत्तर हेच होतं. ती हसायची, "बरं, उद्या विचारते," म्हणायची आणि ठेवून द्यायची. त्या दिवशी हसू ऐकू आलं नाही. "मामाजी, मैं सरोज..." एवढंच आलं. सरोज ही अक्काची जुनी विद्यार्थिनी, आता तिच्याच विभागात शिकवते. अक्काचा भाऊ म्हणून मला मामा म्हणते. अक्काला ताप होता हे मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तिला हॉस्पिटलात हलवलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिनेच सांगू दिलं नव्हतं. "विसू दुकान टाकून धावत येईल आणि डॉक्टरशी भाव करत बसेल," असं म्हणाली होती म्हणे. सकाळी तिचं हृदय थांबलं.

मी जे देणार नव्हतो ती एक वेताची टोपली होती. आजही लिहिताना ती माझ्या नजरेसमोर आहे. तिच्यात जुने, दुरुस्त केलेले, सिमकार्ड नसलेले मोबाइल फोन असतात, प्रत्येकाला मी शिवलेली कापडी पिशवी. गेली कित्येक वर्षं अक्का विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा वर्ग या टोपलीवर चालवत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत फोन माझ्याकडे बॅटऱ्या बदलायला येत, वर्ग सुरू व्हायच्या आत परत जात. या वर्षी मी टोपली अडवून ठेवली. माझी अट एकच होती: पहिल्या दिवशी भर वर्गात सांग की हे फोन कुणाचे आहेत, माझं नाव घे, आणि टोपली ने. लोक म्हणतील, गेलेल्या बहिणीशी कसला हिशोब? मी म्हणतो, भांडण खरं होतं, आणि ती गेली म्हणून ते खोटं होत नाही.

महाराष्ट्रातून काशीला येणारी मंडळी दशाश्वमेधावर आम्हांला मराठी बोलताना ऐकून चकित होतात आणि विचारतात, तुम्ही इथे कसे? आम्ही इथेच. पिढ्यान्‌पिढ्या दूधविनायकाच्या गल्लीत. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, घरीच मुलांना वेदाची संथा देत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुरू एक तुकडा एकदा म्हणतो, समोर बसलेली मुलं तोच तुकडा दोनदा म्हणतात. अक्षर, सूर, श्वास, सगळं जसंच्या तसं. चुकलं की पुन्हा. पोथी उघडायची नाही, कान उघडे ठेवायचे. मी त्या रांगेत बसायचो आणि चुकायचो. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, ती रांगेत नसायची, कारण मुलींना संथा नव्हती. ती आतल्या खोलीत तांदूळ निवडत असायची. मी बाहेर अडखळलो की आतून सुपाचा आवाज थांबायचा. अण्णांना ते कळायचं. एकदा ते मोठ्याने म्हणाले, "विसू, तुझी संथा सूप घेतंय बघ." सगळी मुलं हसली. मी उठून चालता झालो तो परत त्या रांगेत बसलो नाही. गोदौलिया चौकाच्या तोंडाशी एका घड्याळवाल्याच्या ओट्यावर बसून टॉर्च आणि ट्रान्झिस्टर उघडायला शिकलो. मग घड्याळं, मग टेपरेकॉर्डर, मग मोबाइल. आज माझं स्वतःचं दुकान आहे आणि ते मला कुणी दिलेलं नाही. 'विसू भैया से भाव मत करना' असं आमच्या बाजारात म्हणतात, आणि ते मला आवडतं.

अक्काला भाव करता यायचा नाही. दशाश्वमेधच्या भाजीबाजारात भाजीवाली सांगेल तो भाव देऊन ती मोकळी व्हायची आणि वर तिलाच विचारायची, ही भाजी कुठल्या गावची, हिचं फूल पाहिलंयस का, कसं असतं. मी शेजारी उभा राहून चरफडायचो. पण नंतर नंतर माझ्या लक्षात आलं की त्याच बायका तिच्यासाठी कुठकुठल्या रानभाज्या पदराखाली बांधून आणत आणि त्याचे पैसे घेत नसत. न भांडता घासाघीस करण्याची ही रीत मला कधी जमली नाही. माझ्यावर तिने तीच चालवली, आणि ती चालवते आहे हे कळत असूनही दर वेळी मी हरलो.

आता तो टॅब्लेटचा किस्सा. विद्यापीठात तेव्हा नवं वारं होतं, शिकवणं 'डिजिटल' करायचं. अक्काच्या विभागाला मुलांसाठी टॅब्लेट घ्यायची मंजुरी मिळाली. मी निविदेचा कागद भरला. सांगतो ते छातीवर हात ठेवून सांगतो, माझा भाव सगळ्यांत कमी होता आणि दुरुस्ती मी दुकानातून दिली असती. खरेदीच्या समितीत अक्का होती. माझा लिफाफा उघडताच ती उभी राहिली आणि म्हणाली, "हा माझा सख्खा भाऊ आहे. एक तर याचा कागद बाजूला ठेवा, नाही तर मला बाजूला करा." त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला. टॅब्लेट बाहेरच्या कंपनीचे आले. मला हे तिनेच घरी येऊन सांगितलं, चहा पिता पिता, जशी काही मला बातमी आवडणार होती. मी म्हणालो, "तू बाजूला झाली असतीस तर तुझं काय जात होतं?" ती म्हणाली, "वर्गात काय आणायचं ते मग कुणी ठरवलं असतं?" मी कप तसाच ठेवून निघून आलो. त्या दिवाळीला मी भाऊबीजेला गेलो, ओवाळून घेतलं, पण बोललो नाही.

आणि त्या टॅब्लेटचं झालं काय? ते कपाटात गेले. ज्याच्या नावावर त्यांची नोंद होती त्या बाबूला रात्रंदिवस एकच धास्ती, एखादा फुटला किंवा हरवला तर भरून कोण देणार? मुलांच्या हातात द्यायचे म्हणजे सही, सहीसाठी अर्ज, अर्जावर विभागप्रमुखांची खूण. मुलांनी नाद सोडला. कपाटाची किल्ली मात्र बाबूच्या जानव्याला, ती कधी हरवली नाही. इकडे वर्गाच्या दारावर पाटी, 'मोबाइल आत आणू नये'.

एका दुपारी अक्का दुकानात आली. मी मान वर केली नाही. तिने काउंटरखालचा डबा पाहिला, ज्यात मी सुट्या भागांसाठी घेतलेले जुने फोन टाकत असे.

"विसू, यातले किती बोलतात?"

"भंगार आहे ते."

"आवाज भरून घेता येतो? फोटो निघतो?"

"काहींत. का?"

"मला दे. वर्गाला हवेत. निम्म्या मुलांकडे चांगले फोन आहेत, निम्म्यांकडे नाहीत. मुलींना तर घरून मिळतच नाहीत."

माझा संताप अनावर झाला. "वा! टॅब्लेट त्यांच्याकडून, भंगार माझ्याकडून? भाऊ म्हणून लिफाफा बाजूला, आणि भाऊ म्हणून डबा पुढे?" भोवतालची दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. अक्काने शांतपणे स्टूल ओढलं आणि बसली. म्हणाली, "विकत मागितले तर कागद लागेल. कागद लागला की कपाट लागेल. म्हणून फुकट मागतेय." बाजारात एवढं सरळ कुणी बोलत नाही. अशा बोलण्यापुढे भाव कसा करायचा ते मला कळत नाही... मी शिव्या घालत घालत फोन दुरुस्त केले.

सुरुवात तिने अशी केली की स्वतःचं शिकवणं फोनवर भरून मुलांना द्यायचं. मुलांनी घरी ऐकायचं आणि समजलं ते आपल्या आवाजात भरून आणायचं. पहिला धडा पानांवरच्या बारीक छिद्रांचा होता, ज्यांना शास्त्रात पर्णरंध्रं म्हणतात. पानाच्या पाठीवर नखांना लावायचा बिनरंगाचा रंग लावून, वाळल्यावर तो पापुद्रा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, ही तिची युक्ती. ती बोलत होती, भरणं चालू होतं, तेवढ्यात चपराशाने पंखा लावला आणि टेबलावरचे पापुद्रे उडाले. ती म्हणाली, "अरे, पंखा बंद करो!" आणि पुढे बोलू लागली. तेवढं वाक्य काढून टाकायचं राहून गेलं.

आठवड्याने ती माझ्याकडे आली, टोपली काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "ऐक." पहिला फोन. बलियाकडचा एक मुलगा, घसा साफ करून: "रंध्र दिन में खुलते हैं, अरे, पंखा बंद करो, और रात में बंद होते हैं." दुसरा फोन, एक मुलगी: "रंध्र दिन में खुलते हैं, अरे, पंखा बंद करो..." तिसरा तसाच. निम्म्याहून जास्त मुलांनी पंखा बंद केला होता, तोही तिच्याच सुरात, 'अरे' लांबवून, 'करो'वर आवाज टाकून. एका अक्षराची चूक नाही. मी काउंटर धरून हसलो. ती डोळे पुसून पुसून हसली. मग हसता हसता थांबली. "विसू, ही अण्णांची पाठशाळा झाली," म्हणाली. "मीच संथा दिली, त्यांनी घेतली. अण्णांना जे हवं होतं ते हेच होतं आणि तिथे ते बरोबरच होतं. पण यांनी पान बघितलं का? एकानेही बघितलं नाही." काशीतच होऊ शकते अशी ही चूक. इथे मुलाच्या कानात काही घाला, ते जसंच्या तसं तोंडातून निघतं. बाहेरगावच्या कुणा मास्तराने ऐकलं असतं तर मुलांना मठ्ठ म्हणाला असता. अक्का म्हणाली, मुलं मठ्ठ नाहीत, मी आधी बोलले ही चूक आहे.

मग तिने संथाच उलटी केली. गुरूने एकदा, शिष्याने दोनदा, हे माप तिने ठेवलं, क्रम फिरवला. आता आधी मुलाने बोलायचं. टोपलीतला फोन घेऊन आवारातल्या एखाद्या झाडापाशी जायचं, फोटो घ्यायचा, आणि जे डोळ्यांना दिसतं ते आपल्या घरच्या भाषेत बोलून भरायचं. पुस्तकातला एकही शब्द चालणार नाही. मग जोडीदाराने ते ऐकायचं आणि त्याला एक प्रश्न विचारायचा, फक्त एक. त्या प्रश्नासाठी पुन्हा झाडापाशी जायचं, पुन्हा बघायचं, आणि दुसऱ्यांदा बोलायचं. या वेळी पुस्तकातले शब्द शोधून. हे झालं की सगळ्यांत शेवटी अक्का बोलणार, एकदा. तोवर ती सगळ्यांचं ऐकून आलेली असायची. सूक्ष्मदर्शक विभागात मोजके, त्यांतून एका वेळी एकच डोळा पाहणार; म्हणून मी सायकलच्या ट्यूबची कडी कापून दिली, ती नळीला चढवली की फोन वर नीट बसतो आणि आतलं चित्र फोनवर उतरतं. ते एकमेकांना दाखवत मुलं भांडायची, हे छिद्र की ही पेशी? अशा भांडणाला अक्का कधीच थांबवत नसे. आणि कुणी पुस्तकातलं नुसतं घोकून बोललं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "अरे, पंखा बंद करो!"

सरोज त्या वेळची. चंदौलीकडच्या खेड्यातली, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. वर्गात पूर्ण वर्षभर तिच्या तोंडून हजेरीखेरीज शब्द निघाला नव्हता. पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, हिला उत्तर येत असलं तरी ते कुठल्या भाषेत द्यावं हे कळत नसे. तिने पहिला फोन भरला तो मला अक्काने ऐकवला. "ई मदार हौ. एकर पत्ता मोट होला, तोड़बा त दूध निकली. गाय ना खाई." मदार म्हणजे आपली रुई. पानं जाड, तोडलं की चीक, गाय तोंड लावत नाही. मग ती बोलतच सुटली होती. पानावरची लव बोटाने पुसली तर खालचं पान कसं हिरवं दिसतं, उन्हाळ्यात सगळं वाळतं तेव्हा हे का वाळत नाही, तिच्या आजीने सुजेवर हेच पान शेकून बांधलं होतं. जोडीदाराने तिला विचारलं, लव वरच्या अंगाला जास्त की खालच्या? तिला माहीत नव्हतं. ती दुपारच्या उन्हात परत गेली, बघून आली. अक्का फोन बंद करून म्हणाली, "वर्षभर ही माझ्यासमोर बसली होती, विसू. मीच बोलत होते." त्या दिवशी मी घरी जाताना अक्काला ओळखत नसलेल्या एका गिऱ्हाइकाला विनाकारण सांगितलं की माझी बहीण विद्यापीठात प्रोफेसर आहे.

विभागप्रमुखांना हा प्रकार पसंत नव्हता. मुलं झाडांखाली हिंडतात, भोजपुरीत बोलतात, मोबाइल हातात, याला शिकवणं म्हणायचं? पुढे बाहेरून काही मंडळी विभागाची पाहणी करायला आली तेव्हा प्रमुखांनी बाबूकडून किल्ली मागवून कपाट उघडलं. आल्यापासून चार्ज न केलेल्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. टॅब्लेटच्या पाठी उमलल्या होत्या, कचोरी फुगावी तशा. मी ते दृश्य पाहायला हजर होतो, कारण अक्काने मला बोलावलं होतं, आणि मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. प्रमुख घाम पुसत होते. अक्काने टोपली पुढे केली. पाहुण्यांपैकी एक बाई सरोजबरोबर झाडापर्यंत चालत गेल्या, तिथे तिला प्रश्नावर प्रश्न विचारू लागल्या. सरोज आधी भोजपुरीत बोलली, मग हिंदीत, मग त्या बाईंच्याच इंग्रजीत, अडखळत पण न थांबता, आणि शेवटी म्हणाली, "मैम, अब एक सवाल मेरा. आपने इसका फूल पास से देखा है?" बाई खाली वाकल्या. माझ्या शेजारी उभा असलेला माळी मला हळूच म्हणाला, "भैया, रोवत हौवा का?" मी म्हणालो, रडत नाही, ऊन लागतंय.

आणि मग माझा घाव. समारोपात अक्का आभार मानायला उठली. चपराशाचे मानले, ज्याने पंखा लावला होता. माळ्याचे मानले. मुलांचे, त्यांच्या आई-वडिलांचे. त्या रुईच्या झाडाचेसुद्धा मानले! मी शेवटच्या रांगेत इस्त्रीचा कुर्ता घालून बसलो होतो. माझं नाव आलं नाही. बाहेर पडल्यावर रिक्षा शोधत असतानाच मी तिला गाठलं.

"झाडाचं नाव घेतलंस, अक्का. झाडाचं!"

"झाड माझं सख्खं नाही."

"म्हणजे सख्खेपणाची शिक्षा?"

"तुझं नाव घेतलं असतं ना, तर उद्या हेच लोक म्हणाले असते, मॅडमनं भावाचं भंगार विद्यापीठात खपवलं. मला म्हणू देत, तुला म्हणू देत. पण मग सरोज जे बोलली ते कुणी ऐकणार नाही. त्याची दुकानदारी होईल."

"फुकट दिलेत मी!"

"हे कुणाला खरं वाटेल? विसू भैयानं फुकट दिलं?" आणि ती हसली. रिक्षावालासुद्धा हसला.

तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. खरं बोलायला घाबरायचं कशाला? त्यानंतर वर्षानुवर्षं मी ही तक्रार तिच्यापुढे मांडत आलो, गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या मुंजीत. "टॅब्लेट त्यांच्याकडून, भंगार माझ्याकडून, आणि आभार झाडाचे..." वाक्य तेच, सूर तोच. ती पुरणपोळीवर तूप वाढता वाढता म्हणायची, "विसू, पंखा बंद कर." या वर्षी मी टोपलीच अडवली. निवृत्ती जवळ आली होती तिची. म्हटलं, आता नाही तर कधी? ती रोज फोन करून विचारायची, "नाव सोडून काय घेशील?" मी म्हणायचो, "काही नाही." सौदा चालू होता. आमच्या धंद्यात सौदा चालू आहे म्हणजे दोन्ही बाजूंना माल हवा आहे.

तेराव्यानंतर विभागप्रमुख स्वतः दुकानात आले. जुने नव्हेत, आता नवे आहेत, पण खुर्ची तीच. फार गोड बोलले. अक्काच्या नावाने विभागात एक खोली करायची आहे, मोठा पडदा, काचेचं कपाट, त्यात तिचा चष्मा, तिचे पेन आणि ही टोपली. "और विश्वनाथ जी," ते म्हणाले, "नीचे पीतल की पट्टी पर आपका नाम रहेगा. मोबाइल, सौजन्य से..." पितळेची पट्टी. माझं नाव, कोरलेलं. विद्यापीठात. ज्याला अण्णांच्या रांगेत बसता आलं नाही त्याचं नाव विद्यापीठाच्या भिंतीत... मी चहा मागवला, आणि जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे की मी चहा मागवला म्हणजे माल घेणार.

मी विचारलं, "टोपली काचेत, तर वर्गात काय?"

"क्लास के लिए नई व्यवस्था होगी. बड़ी स्क्रीन पर लेक्चर."

"आणि सरोज?"

"सरोज जी स्लाइड चलाएँगी."

"आधी कोण बोलणार? मुलं की पडदा?"

त्यांना प्रश्न कळला नाही. कळण्यासारखा नव्हताच. पण मला माझं उत्तर कळलं, आणि त्याचा मला इतका राग आला की काउंटरवर मूठ आपटली. मी म्हणालो, "काचेत ठेवायची असेल तर नाही देणार. पट्टी नको, नाव नको. सरोजच्या हातात द्याल, झाडापाशी नेऊ द्याल, तर आत्ता घेऊन जा. फुटले तर मी दुरुस्त करीन, हरवले तर मी दुसरे देईन, नोंद कुणाच्याही नावावर करायची नाही." ते म्हणाले, लिखित में दीजिए. मी म्हणालो, तेवढंच देणार नाही. एक चहा झाला, दुसरा झाला. मी एकदा टोपली उचलून आत नेली, ते उठून दारापर्यंत गेले, मी टोपली बाहेर आणली, ते परत बसले. शेवटी जमलं. वर्ग सरोजचा, तिच्या पद्धतीने. खोली त्यांची, त्यांच्या पडद्याने. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट सौदा. हातात आलेली वस्तू मी सोडली, आणि तीही अक्काच्या बाजूने.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी अक्कासाठी सभा ठेवली होती. मी गेलो, शेवटच्या रांगेत बसलो, जागा तीच. विभागप्रमुख बोलायला उठले. "अपूरणीय क्षति... कर्तव्यनिष्ठा की मूर्ति... उनके बताए मार्ग पर..." कागदातून एकेक शब्द नीट येत होता, प्रत्येक सभेत येतो तसा. जुनी मुलं भिंतीला टेकून उभी होती. कुणीतरी मागून, अगदी हळू, पण तोच लांबवलेला सूर लावून म्हणालं, "अरे, पंखा बंद करो..." प्रमुखांनी बोलता बोलता मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखा बंदच होता. आधी एक जण हसला, मग सगळी जुनी मुलं, आणि हसता हसता त्यांच्यातल्या मुली रडू लागल्या. नवी मुलं बावरून इकडे तिकडे बघत होती. सरोज पुढे आली, टोपली टेबलावर ठेवली आणि त्यांना म्हणाली, "मैं आज कुछ नहीं बोलूँगी. पहले आप लोग बोलेंगे. एक-एक फ़ोन उठाइए और बाहर जाइए." ती नवी पोरं एकेक करून उठली, टोपलीतून पिशवी उचलून बाहेर गेली. थोड्या वेळाने खिडकीतून त्यांचे आवाज ऐकू येऊ लागले, आधी दबके, मग मोकळे. मी अण्णांच्या रांगेतला पळालेला मुलगा; पण एवढं मला कळतं की या गल्लीतल्या, या शहरातल्या संथेला आमच्या घराने काही दिलं असेल तर ते हे. आतल्या खोलीत तांदूळ निवडणाऱ्या मुलीने दिलं. याचा मला जो गर्व आहे तो मी कुणाशी भाव करून कमी करणार नाही.

सभेत माझं नाव आलं नाही. कुठून येणार? तसा सौदाच केला होता मी. म्हणून इथे लिहितो, वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांसमोर: ते फोन माझे आहेत.

परवा सरोज दुकानात आली. आता दर आठवड्याअखेर टोपली माझ्याकडे येते, मी फोन तपासतो, ती सोमवारी घेऊन जाते. मी एक फोन पुसत होतो. म्हटलं, "बघ सरोज, टॅब्लेट त्यांच्याकडून, भंगार माझ्याकडून, आणि आभार..." सरोजने टोपली कडेवर घेतली, दारात वळली आणि म्हणाली, "मामाजी, पंखा बंद कीजिए." अक्का म्हणायची त्याच सुरात, शेवटी आवाज टाकून. एका मात्रेचाही फरक नाही. मी मान खाली घालून फोन पुसत राहिलो, आणि ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मान वर केली नाही.